कवळीचं सुख-दुःख ठरतं खालच्या जबड्यावर

कवळी बसवली की आधी चेहरा परत येतो. आत गेलेले ओठ भरतात, चारचौघांत बोलताना तोंडावर हात ठेवावा लागत नाही. खाण्याचं मात्र तसं नाही. कवळी उत्तम बसली तरी चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या जेमतेम पाव हिस्सा असतो. पुणेकराला बाकरवडी वर्ज्य नाही, पण ती बारीक तुकडे करून, दोन्ही बाजूंनी एकदम चावून खायची. पेरू किंवा कणीस पुढच्या दातांनी तोडायला गेलात, की कवळी मागून उचकटलीच.

दात नसलेल्यांचं जीवनमान मोजायला ओहिप-ईडेंट ही 19 प्रश्नांची यादी वापरतात. जेवण अर्धवट सोडावं लागतं का, लाज वाटते का, बाहेर जाणं टाळता का, असे प्रश्न त्यात असतात. तक्रारी बहुधा खालच्या कवळीच्याच. वरची कवळी टाळूभर पसरते आणि लाळेच्या पातळ थरावर चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालेच्या आकाराची. तिला टेकायला जागा जवळपास निम्मीच, शिवाय एकीकडून जीभ ढकलते, दुसरीकडून गाल. रक्तदाबाच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, मग वरचीही सुटते.

त्यात हाड झिजतं. पहिल्या वर्षी सर्वांत जास्त, पुढे हळूहळू. आणि खालच्या जबड्याचं वरच्याच्या सुमारे चौपट. म्हणून सुरुवातीला घट्ट बसणारी कवळी काही वर्षांनी डुलते. चिकटवायची पावडर लावून दिवस ढकलण्यापेक्षा आतून नवं अस्तर भरून घ्यावं.

कवळी पक्की करण्याआधी मेणात दात बसवून तोंडात घालून बघतात, त्या ट्रायलला रुग्णाने एकसष्ट ते एकोणसत्तर मोठ्याने मोजावं. दात एकमेकांवर टकटक आपटले तर कवळीची उंची जास्त झाली आहे, आणि ती दुरुस्त करायची वेळ हीच. पुढे कवळी टोचू लागली तर घरी कानस लावू नका. तपासणीआधी काही तास ती घालून ठेवा, म्हणजे हिरडीवरचा लाल डाग डॉक्टरांना दिसतो. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी, नाहीतर टाळूवर बुरशी धरते. उकळतं पाणी नको, कवळीचं प्लास्टिक (ॲक्रिलिक) वाकतं. टूथपेस्टने चरे पडतात. मऊ ब्रश आणि साबण पुरे.

खालची कवळी बसतच नसेल तर जबड्यात पुढे दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, लावून तिला बटणासारखी अडकवता येते. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय सुचवला. खर्च बराच, हे खरं. आणि बटणातली नायलॉनची रिंग झिजते, ती अधूनमधून बदलावी लागते. इम्प्लांट बसवायच्या आधीच हे सगळं विचारून घ्या.