उदारमतवाद, साम्यवादोत्तर पूर्व जर्मनीतील
जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाच्या (१९४९–९०) भूप्रदेशातील लोकांचा मुक्त बाजारपेठ व शासनाची जबाबदारी यांविषयीचा दृष्टिकोन. तो पश्चिमेकडील दृष्टिकोनाहून वेगळा आहे, याबद्दल फारसे दुमत नाही. वाद आहे तो कारणांचा.

आलेसिना व फुक्स-श्युंडेल्न यांच्या अभ्यासात (२००७) आजारपण, बेकारी, वार्धक्य अशा प्रसंगी शासनाने भार उचलावा, असे मत पूर्वेकडे अधिक प्रमाणात आढळले. वयस्कांत ते अधिक ठाम होते. हा फरक साम्यवादी राजवटीच्या संस्कारातून आला असून तो ओसरण्यास एक ते दोन पिढ्या लागतील, असा त्यांचा कयास आहे. बेकर, मेर्गेले व व्होसमान (२०२०) यांनी त्यावर प्रश्नचिन्ह लावले. पुढे जेथून सीमारेषा गेली, तिच्या पूर्वेस कामगारवर्गाचे प्रमाण महायुद्धापूर्वीच जास्त होते. शिवाय १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहण्यापूर्वी लक्षावधी लोक पश्चिमेस निघून गेले होते, आणि मागे राहिलेला समाज त्यामुळे बदललेला होता. आक्षेप वजनदार आहे. तथापि वयोगटांतील तफावतीचा उलगडा त्याने पुरेसा होत नाही, त्यामुळे राजवटीच्या संस्काराचे मत पूर्णतः बाजूस सारता येत नाही.

तिसरे मत एकीकरणाच्या धक्क्यावर भर देते. १ जुलै १९९० पासून वेतने एकास एक दराने पश्चिमी मार्कात देणे आले आणि अनेक कारखान्यांना तो खर्च पेलेना. ‘ट्रॉयहांड’ या शासकीय संस्थेकडे सु. ८,५०० उद्योग व त्यांतील सु. ४० लाख कामगार होते. १९९४ अखेर ती बंद झाली तोवर बहुतेक उद्योग विकले वा मोडीत काढले गेले होते. नंतरच्या पाहण्यांत उत्तरे देणाऱ्या प्रौढांनी राजवट आणि हा धक्का दोन्ही अनुभवले असल्याने कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

डिसेंबर १९९० च्या निवडणुकीत उदारमतवादी फ्री डेमोक्रॅटिक पक्षाला पूर्वेत सु. १२.९ टक्के, म्हणजे पश्चिमेपेक्षा जास्त मते मिळाली. हाले येथील थेट जागाही त्याने जिंकली. १९९४ मध्ये हा आकडा सु. ३.५ वर आला. मात्र पहिल्या यशात परराष्ट्रमंत्री गेन्शर यांच्या हालेशी असलेल्या जन्मसंबंधाचा आणि जुन्या राजवटीशी संलग्न उदारमतवादी पक्षाच्या विलीन झालेल्या संघटनेचा हातभार होता. त्यास वैचारिक कौल मानणे धाडसाचे ठरेल.

पाळणाघरांच्या बाबतीत प्रवाह काहीसा उलटा, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा दिसतो. तीन वर्षांखालील मुलांना तेथे ठेवण्याची पूर्वेतील रीत टिकून राहिली, तर १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलास बालसंगोपन सेवेचा कायदेशीर हक्क संपूर्ण जर्मनीत लागू झाला.