पार्श्वभूमी: बिनपगारी सेवा आणि न मागण्याचा नियम

एखादे सेवक ‘विश्वासाने जगतात’ असं ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी म्हटलं, की त्यांना ठरलेला पगार नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. या जगण्याचे नियम साधारण तीन: बांधील पगार घ्यायचा नाही, कर्ज काढायचं नाही, आणि गरज देवाशिवाय कुणापुढे मांडायची नाही. वाद होतात ते तिसऱ्यावरून.

फुकट उपदेश करत फिरणारे ख्रिस्ती साधू पहिल्या शतकांपासून होते, पण आजची रीत आली ती 1830 च्या इंग्लंडमधून. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका चॅपलमध्ये प्रशियातून आलेल्या तरुण पाळकानं बाकांच्या भाड्यातून मिळणारं मानधन सोडलं आणि त्याऐवजी देणगीची पेटी ठेवली. पुढे ब्रिस्टलला 1836 पासून त्यानं अनाथालयं उभारली. 1870 पर्यंत पाच मोठ्या इमारती झाल्या, दोन हजारांवर मुलांची सोय झाली. मागितलं कुणाकडेच नाही. मात्र वार्षिक अहवाल छापून निघत. कोणत्या सकाळी गाठीशी किती उरलं होतं आणि दुपारपर्यंत काय आलं, हे त्यात तपशीलवार असे. वाचणाऱ्याला पुढचं कळत होतंच. 1841 च्या डिसेंबरात तंगी असताना त्यानं अहवाल आणि सभा दोन्ही लांबणीवर टाकल्या, कारण ते मागितल्यासारखं दिसलं असतं. 1865 मध्ये चीनच्या अंतर्भागासाठी निघालेल्या मिशननं हीच पद्धत उचलली.

मराठी मुलखातलं चित्र उलट होतं. 1813 पासून मुंबईत आणि 1831 पासून अहमदनगरला काम करणाऱ्या अमेरिकन मिशनचे शिक्षक आणि उपदेशक पगारी असत. पगार बेताचाच, तरी ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा त्यांच्या वाट्याला आलाच.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंनी पुण्याजवळच्या केडगावला कुणाच्याही बांधील हमीशिवाय काम चालवण्याचा जो निर्णय घेतला, तो पाहायला हवा. मुंबईत 1889 मध्ये विधवांसाठी सुरू झालेलं आणि पुढे पुण्याला हललेलं त्यांचं सदन बोस्टनमधल्या मंडळाच्या दहा वर्षांच्या हमीवर चाले. धर्मप्रसार करायचा नाही, ही अट होती. 1893 मध्ये पुण्यात धर्मांतराचा गदारोळ झाला, सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. हमी संपल्यावर काय, म्हणून केडगावला जमीन घेतली गेली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, असा साधा हिशेबी बेत होता. तोवर 1896-97 चा दुष्काळ पडला, पुण्यात प्लेगचे निर्बंध आले, आणि मध्य प्रांतातून आणलेल्या उपाशी मुली त्याच रानात उतरवाव्या लागल्या.

1898 मध्ये हमीची मुदत सरली तेव्हा रमाबाईंनी अमेरिकेत जाऊन अट सोडवून घेतली. ब्रिस्टल आणि चीनच्या हकिकती त्यांनी आधीच वाचल्या होत्या आणि हे हिंदुस्थानात का होऊ नये, असा प्रश्न त्यांना पडला होता. 1900 च्या दुष्काळानंतर केडगावी हजाराहून बरीच जास्त माणसं जेवत होती. बँकेत खातं नाही, कायमची ठेव नाही, शिल्लक नाही, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं.

टीकाकार इथेच बोट ठेवतात. अमेरिकेतलं मंडळ नव्या रूपात मदत पाठवतच होतं. केडगावच्या छापखान्यातून इंग्रजी प्रार्थनापत्र (प्रार्थनेचे विषय कळवणारं पत्रक) परदेशी जात होतं. मग हे न मागणं कसलं? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. आधी मदतीबरोबर वर्गात काय शिकवायचं याची अट येत होती, ती गेली. विहिरी, शेती आणि छापखाना चालूच राहिले. आमच्या मते तो निर्णय भाबडा नव्हता, स्वातंत्र्याचा होता.

1917 मध्ये एका मराठी ख्रिस्ती कवीनं मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या शिष्यांचा बंधुवर्ग जमवू पाहिला. कीर्तन ऐकणाऱ्या समाजाला पगारी उपदेशक परकाच वाटणार, हे त्यांनी ओळखलं होतं. दोनच वर्षांत ते वारले आणि तो प्रयत्न फार टिकला नाही.

त्याआधी, 1905 च्या नाताळात, सेरामपूरला भारतीय माणसं, भारतीय पैसा आणि भारतीय कारभार या तत्त्वावर एक मिशन स्थापन झालं होतं. स्वातंत्र्यानंतर हा विचार पसरला, पण त्याला अधिक रेटा दिला कायद्यानं. परदेशी देणग्यांवरचा कायदा 1976 चा, तो 2010 मध्ये नव्यानं आला. 2020 च्या दुरुस्तीनं असा पैसा दिल्लीतल्या ठरावीक सरकारी बँकेच्या शाखेतच घेणं बंधनकारक केलं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. एका संस्थेनं दुसरीला तो पैसा देणंही बंद झालं, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत खेड्यापर्यंत पोचणारी वाट मिटली.

आता बरीच भिस्त इथल्याच मंडळ्यांच्या दशमांशावर (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शावर) आणि घरोघरच्या देणग्यांवर आहे. काही मिशनं महिन्याच्या देणगीची वचनं जमल्याशिवाय सेवकाला क्षेत्रावर पाठवतच नाहीत, आणि त्यालाही विश्वासाची सेवाच म्हणतात. जुन्या वळणाचे पाळक हे मानत नाहीत. त्यांच्या हिशेबी प्रार्थनापत्राखाली छापलेला खातेक्रमांकही मागण्यातच मोडतो.