दीर्घ आजारी मुलांची भावंडे

थॅलॅसीमिया (रक्त नीट तयार न होण्याचा आनुवंशिक आजार), टाइप १ मधुमेह, रक्ताचा कर्करोग, जन्मजात हृदयविकार असा वर्षानुवर्षे चालणारा आजार घरातील एका मुलाला जडला असता त्याच्या निरोगी भावंडांना द्यावयाची खरी माहिती, हक्काचा वेळ आणि मोठ्यांची सोबत यांस ‘भावंडांचा आधार’ म्हणतात. उपचारांच्या धावपळीत हा भाग बहुधा राहूनच जातो, कारण ही मुले तक्रार करीत नाहीत आणि त्याबद्दल त्यांना ‘शहाणी’ म्हटले जाते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी घरांत अशा भावंडांची ओढाताण जरा वेगळी असते. थॅलॅसीमियाच्या तीव्र प्रकारात साधारणपणे दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. आईवडील आजारी मुलाला घेऊन बेळगावला, क्वचित मिरज किंवा कोल्हापूरला जातात आणि दुसरे मूल आजीपाशी किंवा आजोळी राहते. आजोळ चंदगड तालुक्यात असेल, तर अंतर थोडे असूनही राज्य बदलते. मुक्काम लांबून तिथल्याच शाळेत नाव घातले, तर पाठ्यपुस्तके बदलतात आणि कन्नड सुटते. मोठ्यांच्या लेखी ही सोय असते, मुलाला मात्र आपली रवानगी झाली असे वाटते.

भाषेचा भार त्याहून अवघड. आईला कन्नड जेमतेम येत असेल, तर दवाखान्यातील अर्ज वाचण्यासाठी आणि डॉक्टरांचे बोलणे समजावण्यासाठी शाळेत कन्नड शिकणाऱ्या थोरल्या मुलीला सोबत नेले जाते. धाकट्याचे दुखणे किती गंभीर आहे हे मग आईच्या आधी अक्काला कळते आणि त्यातले किती सांगायचे, किती गाळायचे हे बारा वर्षांच्या मुलीला उभ्याउभ्या ठरवावे लागते. हे काम मुलांकडून करून घेऊ नये. दोन्ही भाषा बोलणारी परिचारिका किंवा नातेवाईक बेळगावात शोधावा लागत नाही, फक्त विचारावे लागते.

लहान मुलांना पुष्कळदा वाटते की आपण भांडलो, मारले, म्हणून भाऊ आजारी पडला. थॅलॅसीमिया जन्मतःच येतो, एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे त्यांना मराठीत, सोप्या शब्दांत आणि एकापेक्षा अधिक वेळा सांगावे लागते. आईवडील दोघेही वाहक (आजाराचा आनुवंशिक दोष अंगी असूनही स्वतः आजारी नसलेले) असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के, तर केवळ वाहक असण्याची ५० टक्के असते. म्हणून भावंडांचीही रक्ततपासणी होते. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे त्यांना (आणि पुढे सोयरीक जुळवणाऱ्यांनाही) स्पष्ट सांगितलेले बरे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी (निरोगी दात्याच्या हाडांतील रक्त तयार करणारा मगज रुग्णाला देण्यासाठी) सख्ख्या भावंडाचे ऊतक पूर्ण जुळण्याची शक्यताही सुमारे २५ टक्केच असते. ते न जुळल्यास ‘मी उपयोगी पडलो नाही’ ही खंत मुलाच्या मनात राहते, म्हणून तपासणीपूर्वीच याविषयी बोलावे.

अमेरिकेत डॉन मायर यांनी १९८० च्या दशकात अशा भावंडांसाठी खेळ आणि गप्पांच्या कार्यशाळा सुरू केल्या. तसे काही जवळपास नसले तरी वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती सांगून ठेवणे आणि आठवड्यातून एक ठरलेली वेळ आईने किंवा वडिलांनी केवळ निरोगी मुलासाठी राखणे शक्य असते. मुलाची इच्छा असल्यास आणि रुग्णालयाची परवानगी मिळाल्यास त्याला एकदा रक्त चढवताना सोबत न्यावे. पिशवी संपायला तीन-चार तास लागतात आणि तेवढा वेळ भाऊ खाटेवर पडून कंटाळतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले की दवाखान्याच्या दिवशी भावाचेच लाड होतात ही त्याची समजूत बरीच निवळते.