बॉल बाहेर जायचा कोणामुळे? टेनिस गेम्समधल्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

टेनिसच्या व्हिडिओ गेमची चर्चा निघाली की पाचव्या मिनिटाला गाडी 'हा सिम (खऱ्या टेनिसच्या जवळ जाणारा) आहे की आर्केड (सोपा, झटपट मजेचा)' यावर येतेच आणि मग तिथून हलत नाही. गंमत म्हणजे सिम म्हणजे नक्की काय, हे तिघांना विचारा, तीन उत्तरं मिळतील. एकाला बॉलचा स्पिन आणि क्ले-ग्रासवरचा बाऊन्स बरोबर हवा असतो, दुसऱ्याला खेळाडू दमलेला दिसायला हवा असतो, तिसरा म्हणतो पाच सेटची मॅच पाच सेटचीच हवी, काटछाट नको (हा तिसरा बहुतेक एकटाच खेळत असतो). हे शब्दांचे खेळ बाजूला ठेवले तर खाली एकच प्रश्न उरतो असं मला वाटतं, की बॉल बाहेर कधी जायचा आणि कोणाच्या चुकीने.

जुना काळ पटकन उरकतो. १९५८ मध्ये एका प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप या विजेचे सिग्नल दाखवणाऱ्या उपकरणाच्या ५ इंची पडद्यावर 'टेनिस फॉर टू' चालवला गेला, त्यात बाजूने दिसणारं कोर्ट, नेट आणि गुरुत्वाकर्षण होतं, पुढच्या वर्षी तर चंद्रावरचं आणि गुरू ग्रहावरचं गुरुत्वाकर्षणही निवडता यायचं. रॅकेट दिसायची नाही, स्कोअर नव्हता. मग १९७२ मध्ये 'पाँग' आला आणि त्याने हे सगळं फिजिक्स फेकून दिलं, आणि चालला तोच. पण त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. पाँगची पट्टी, म्हणजे त्यातली रॅकेट, पडद्याच्या अगदी वरच्या टोकापर्यंत पोचायची नाही. तो सर्किटमधला दोष होता, पण मुद्दाम तसाच ठेवला, कारण नाहीतर दोन चांगले खेळाडू समोरासमोर आले तर पॉइंट संपलाच नसता. म्हणजे चूक खेळाडूकडून होत नसेल तर गेमनेच तिची सोय करून ठेवायची, ही आयडिया तेव्हापासूनची.

ऐंशीचं-नव्वदचं दशक सोडून देतो, खरी मजा १९९९ पासून. आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, 'व्हर्चुआ टेनिस' आला, पुढच्या वर्षी ड्रीमकास्ट या घरगुती कन्सोलवर. एक स्टिक, दोन बटणं, एक साध्या फटक्याचं आणि एक लॉबचं (समोरच्याच्या डोक्यावरून उंच मारायचा फटका). त्यात बॉल बाहेर जवळजवळ जातच नाही. सगळा खेळ जागेवर वेळेत पोचण्याचा, बॉल यायच्या आधी उभे राहिलात तर फटका जोरात आणि कोपऱ्यात, उशीर झाला तर लेचापेचा. हे अवास्तव आहे का? आहेच. खऱ्या टेनिसमध्ये बरेचसे पॉइंट चार फटक्यांच्या आत संपतात, आणि इथे वीस-वीस फटक्यांच्या रॅली. पण पहिल्यांदा हातात घेणारा माणूसही दुसऱ्या गेमला रॅली करायला लागतो, हे त्या गेमचं श्रेय कोणी नाकारू नये.

२००३ च्या 'टॉप स्पिन'ने रिस्क शॉट आणला. साधा फटका सुरक्षित, पण जास्त हाव धरलीत तर एक मीटर सुरू होतो, काटा सर्रकन पळतो, बरोबर जागी थांबवला तर विनर (समोरच्याला पोचताच न येणारा फटका) नाहीतर बॉल सरळ बाहेर. म्हणजे चूक आली, पण ती तुम्ही स्वतःहून मागितलेली. हा मधला मार्ग मला अजूनही सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

मग २००८ चा 'टॉप स्पिन'चा तिसरा भाग, आणि इथे खरा वाद पेटला. आता प्रत्येक फटक्याला बटण दाबून धरायचं आणि बॉल रॅकेटवर येताना सोडायचं. ऐकायला सोपं. पण तुम्ही डाव्या कोपऱ्यात धावताय, बॉल उसळून खांद्यापर्यंत आलाय, अंगठ्याने स्टिक लाइनकडे ढकललेली आहे आणि तेवढ्यात दुसरा अंगठा नेमक्या क्षणी उचलायचा. जरा लवकर सुटला तरी फटका बिघडला. ज्यांनी चिकाटी धरली ते म्हणतात यासारखा गेम झाला नाही, आणि बाकीच्यांनी मॅच अर्धी सोडून कंट्रोलर बाजूला ठेवला. २०११ च्या चौथ्या भागात माघार घेतली गेली, किंवा शहाणपण आलं, कोणाला विचारता त्यावर आहे. बटण टॅप केलं तर कंट्रोल शॉट, धरून ठेवलं तर पॉवर, आणि फटक्यानंतर लवकर होता की उशीर हे पडद्यावर लिहून यायचं. ती चार अक्षरं फार मोठी गोष्ट होती, कारण बॉल बाहेर का गेला हे पहिल्यांदा कळायला लागलं.

इथेच भांडणाचं मूळ आहे, म्हणून जरा थांबतो. चूक बोटाची असेल तर माणूस चिडतो पण परत खेळतो. पण गेमने आतल्या आत फासे टाकले, म्हणजे गेममधल्या खेळाडूचे फोरहँडचे आकडे कमी, दम कमी, म्हणून टायमिंग बरोबर असूनही बॉल नेटमध्ये, तर माणूस गेमला शिव्या घालतो. आणि खरं तर हेच जास्त रिअल आहे, कारण अव्वल खेळाडूही सोपा बॉल बाहेर मारतोच की, आणि का ते त्यालाही सांगता येत नाही! कॉम्प्युटरच्या बाबतीत तर इलाजच नाही. त्याला बोट नाही, टायमिंग चुकत नाही, त्याने चुकायचं कधी हे कोणीतरी आकड्यांत ठरवूनच द्यावं लागतं, कमी ठेवलं तर भिंतीशी खेळल्यासारखं वाटतं आणि जास्त ठेवलं तर फुकटचे पॉइंट. 'अनफोर्स्ड एरर' (समोरच्याने भाग न पाडता स्वतःहून झालेली चूक) हा शब्द गेममध्ये म्हणूनच गोंधळाचा आहे, कारण तिथे कोणीतरी फोर्स केलेलीच असते ती.

दुसरीकडे काही लोकांनी हा वादच सोडून दिला. निन्टेंडोच्या वी कन्सोलवरच्या २००६ च्या 'वी स्पोर्ट्स'मध्ये पळणं आपोआप, तुम्ही फक्त रिमोट हलवायचा, लवकर हलवला तर एका बाजूला, उशिरा तर दुसऱ्या बाजूला. लोकांनी पहिल्या दिवशी अख्खा हात फिरवला, आठवड्याने सोफ्यावर बसून मनगट. २०१८ च्या 'मारिओ टेनिस एसेस'मध्ये तर जोराचे फटके अडवताना रॅकेट तुटते, सगळ्या तुटल्या की मॅच गेली.

गंभीर बाजूला मात्र २०११ नंतर मोठा दुष्काळ. २०१८ चा 'टेनिस वर्ल्ड टूर' आला तो ऑनलाइन मॅचशिवाय, आणि 'टॉप स्पिन'चं नाव परत यायला २०२४ उजाडलं. 'टॉपस्पिन २के२५' मध्ये मीटर आता डोळ्यासमोरच, हिरव्या भागात सोडा. काहींना हे पोरखेळ वाटतं, बॉलकडे बघायचं सोडून मीटरकडे बघतो म्हणतात, त्यात तथ्य आहे. पण नुसतं नजरेवर सोडणंही अवघड आहे. २०० किमी वेगाची सर्व्हिस २३.७७ मीटरचं कोर्ट साधारण अर्ध्या सेकंदात पार करते, त्यातून टीव्हीचा लॅग (चित्र दिसायला होणारा उशीर) वजा करा, ऑनलाइन असाल तर समोरच्याच्या इंटरनेटचाही. तेवढ्या वेळात बोट उचलता यावं म्हणून टायमिंगची खिडकी रुंद करावी लागते, खिडकी रुंद झाली की चुका कमी होतात, आणि मग परत वीस-वीस फटक्यांची रॅली.