मुळशी सत्याग्रह

पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात (तालुक्याहून लहान महसुली विभागात) टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांनी, १९२१ ते १९२४ या काळात दिलेला लढा. धरणाविरुद्धचे जगातील पहिले संघटित आंदोलन म्हणून अभ्यासक त्याचा उल्लेख करतात.

मुळा व निळा नद्यांच्या संगमाजवळ पाणी अडवायचे, ते सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला सोडायचे आणि तयार होणारी वीज मुंबईला पुरवायची, अशी ही योजना. त्यासाठी पन्नासच्या आसपास गावे बुडणार होती. हा सगळा भाताचा मुलूख. मुळशीचा आंबेमोहोर आजही नावाने मागून घेतात. ओढ्याकाठची खाचरे बांध घालून, माती धरून पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली. त्यांचा एकरी भाव मावळ्याला मान्य होणे कठीणच होते. त्यातच कंपनीने न विचारता शेतात चाचणीचे चर खणले आणि ठिणगी पडली. पुढे १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारच खाजगी कंपनीसाठी जमीन घेऊन देऊ लागले.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेकडो मावळे बांधकामाच्या जागीच जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची शपथ. काम काही महिने थांबले, मग पुन्हा सुरू झाले. अटकसत्र चालले, बायकाही तुरुंगात गेल्या. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आणि पांडुरंग महादेव बापट ही पुढारी मंडळी होती. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. गांधींनी सुरुवातीला ‘यंग इंडिया’तून पाठिंबा दिला, पण पुढे बापटांचा मार्ग त्यांना पटला नाही. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी सहकाऱ्यांसह शस्त्रे घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला.

पराभवाला कंपनी आणि सरकार एवढीच कारणे नव्हती. कित्येक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला मोबदला. पुण्यातल्या सभांत मावळ्यांचा जयजयकार होत असताना पुण्यातच सावकारांच्या मोबदल्याचे कागद वेगळ्या दिशेने सरकत होते. या लढ्याच्या गौरवगाथांत ही बाजू सहसा येत नाही. त्याहून कमी येतात ते कातकरी. कोळसा पाडून, मासे धरून, दुसऱ्याच्या शेतात राबून जगणाऱ्या या आदिवासींच्या नावावर जमीनच नसे, मग मोबदला कशाचा? ज्याचे दप्तरात नाव नाही त्याचे बुडाले काय, हे मोजायची सोयच त्या कायद्यात नव्हती.

भिऱ्याची वीज १९२७ पासून सुरू झाली. मुळेतून भीमेकडे, म्हणजे पूर्वेला, जाणारे पाणी तेव्हापासून पश्चिमेला कुंडलिकेत पडते. कोलाडला राफ्टिंगची बोट निघते ती भिऱ्याहून सुटणाऱ्या याच पाण्यावर. दुष्काळाच्या साली हे पाणी पूर्वेकडे वळवण्याची मागणी होते. त्या मागणीत बुडालेल्या गावांचा विषय क्वचितच असतो.

मावळातला पाण्याचा झगडा १९२४ ला थांबला नाही. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्यास विरोध करणारे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मारले गेले, त्यांत एक स्त्री होती. जलवाहिनीचे काम त्यानंतर थांबवण्यात आले.