हॉटेलचे परवाने काढण्याआधी ठरवा: धंदा कुणाच्या नावावर?

कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्याची खानावळ काढा नाहीतर मिसळीचं हॉटेल. अन्न परवाना, जीएसटी, शॉप अ‍ॅक्ट, महापालिकेचा परवाना या प्रत्येक अर्जात अर्जदाराचा रकाना असतो. तिथं एकदा पडलेलं नाव पुढं सहज बदलत नाही. अन्न परवाना हस्तांतरित होत नाही. परवानाधारक वारला तरच तो वारसांच्या नावे करता येतो. जीएसटी क्रमांक पॅनवर बेतलेला असतो. एकट्याच्या नावानं सुरू करून वर्षभरात मेहुण्याला भागीदार केलं, की पॅन नवा, जीएसटी नवा, अन्न परवाना नवा, बँक खातंही नवं.

प्रोप्रायटरी (एकल मालकी). पैसा आणि जोखीम एकट्याचीच असेल तर हेच बरं. वेगळी नोंदणी नाही. मालकाचं पॅन तेच धंद्याचं पॅन. मात्र हॉटेलच्या नावानं चालू खातं उघडताना बँक त्या नावाचे सहसा दोन पुरावे मागते. त्यासाठी शॉप अ‍ॅक्टचा कागद आणि मोफत निघणारी उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी आधी करून ठेवा. कर्ज थकलं तर ते मालकाच्या घरादारावर येतं, हे धरूनच चालायचं.

भागीदारी. १९३२च्या भागीदारी कायद्यानं नोंदणी सक्तीची नाही, म्हणून पुष्कळजण करारनामा नोटरी करून थांबतात. पण कलम ६९ मुळं बिननोंदणीच्या फर्मला करारातल्या हक्कासाठी बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. लग्नाच्या ऑर्डरचे पैसे कुणी बुडवले तर हात बांधलेले. भागीदारालाही फर्मवर दावा लावता येत नाही; फर्म मोडून हिशेब मागण्यापुरती तेवढी वाट खुली असते.

करारनाम्यात भांडवल, नफ्याचा वाटा, बँकेत सही कुणाची, हे सगळे लिहितात. राहतं ते मृत्यू-निवृत्तीचं कलम. ते नसेल तर एक भागीदार वारला की फर्मच विसर्जित होते. आणि भागीदार दोनच असतील तर कलम असूनही उपयोग नाही, कारण एकट्याची फर्म होत नाही. घरातली तिसरी सज्ञान व्यक्ती थोड्या टक्क्यांवर आत घ्यावी. अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाला फक्त लाभापुरतं घेता येतं. भागीदारांच्या पगाराचं कलमही लिहा, नाहीतर आयकरात तो खर्च धरला जात नाही आणि फर्मला पहिल्या रुपयापासून सरसकट ३० टक्के कर आहे.

पॅनच्या अर्जात नावाआधी ‘मेसर्स’ लावू नका. करारनाम्यात ‘हॉटेल’ शब्द आहे आणि पॅनवर नाही, एवढ्यावरही पुढचे अर्ज त्रुटीत पडतात.

एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी), प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. दोन्हींना किमान दोन माणसं लागतात आणि जबाबदारी मर्यादित राहते. बाहेरचा गुंतवणूकदार किंवा शाखांचा बेत असेल तरच इकडे वळा. कंपनीला उलाढाल कितीही असो, लेखापरीक्षण सक्तीचं. वार्षिक विवरण चुकलं की प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये दंड चढतो. एका खानावळीसाठी हा खटाटोप आम्हाला तरी परवडणारा वाटत नाही. अन्न परवान्याच्या वेळी कंपनीला जबाबदार व्यक्तीचं नामनिर्देशनही (नमुना ९) जोडावं लागतं.

जागेचे कागद. सर्वात जास्त अर्ज इथं अडतात. गाळा भाड्याचा असेल तर लिव्ह-लायसन्स करार नोंदणीकृत हवा आणि तो फर्मच्याच नावावर हवा, एका भागीदाराच्या नाही. सोबत मालकाचं लाईट बिल किंवा घरफाळ्याची पावती. जुन्या पेठांतल्या गाळ्यांचा घरफाळा कित्येकदा वारलेल्या आजोबांच्याच नावावर चालू असतो. करार करून देणाऱ्याचा त्या मिळकतीशी संबंध दाखवणारा वारसाचा कागद आणि इतर वारसांची संमती आधी मागा. जागा वडिलांचीच असेल तरी त्यांचं संमतीपत्र लागतं.

क्रम असा ठेवा: करारनामा किंवा कंपनी नोंदणी, पॅन, भाडेकरार, शॉप अ‍ॅक्ट, बँक खातं, जीएसटी, मग फॉस्कॉस या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या पोर्टलवर अन्न परवाना आणि स्थानिक परवाने. हॉटेल शहराला लागून असलेल्या ग्रामपंचायत हद्दीत असेल तर स्थानिक परवान्यासाठी महापालिकेकडे नव्हे, ग्रामपंचायतीकडे जायचं. पुढं परमिट रूमचा विचार असेल तर भागीदार आत्ताच पक्के करा; एफएल-३ म्हणजे परमिट रूमच्या अनुज्ञप्तीवरचा भागीदार बदलायला राज्य उत्पादन शुल्क खात्याची परवानगी आणि शुल्क लागतं.