ईस्ट इंडिया किप

मद्रास इलाख्यात झाडांच्या सालींनी कमावलेल्या, पण रंग-झिलई न देता परदेशी जाणाऱ्या गाई-बैलांच्या चामड्याचे हे व्यापारी नाव. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या मालाचे मुख्य गिऱ्हाईक ब्रिटन होते. हिंदुस्थानी जनावर युरोपातल्या बैलापेक्षा लहान चणीचे, त्यामुळे त्याचे कातडे हलके. बुटाच्या वरच्या भागाला आणि अस्तराला ते चांगले लागे; जाड तळव्याला ते पुरे पडत नसे.

वाणियंबाडी, अंबूर, राणीपेट, पल्लावरम, दिंडिगल ही या धंद्याची ठाणी. कारखानदार बहुतेक तमिळ मुसलमान, तर चुन्याच्या हौदात उतरणारे हात प्रामुख्याने दलितांचे. या धंद्याच्या इतिहासात त्यांचा उल्लेख फारच त्रोटक येतो. चुन्यात मुरवलेल्या कातड्याचे केस काढून, आतले मांस खरवडून ते तरवडाच्या सालीच्या पाण्यात ठेवत. नुसत्या तरवडाने कमावलेले चामडे उजेडात तांबूस पडते, म्हणून शेवटी ते हिरड्याच्या पाण्यातून काढीत व वर तेल चोळीत. हिरड्याची निर्यातही मोठी होती. त्याच्या व्यापारी प्रतींपैकी एक ‘वेंगुर्ला’ नावानेच ओळखली जाई. तरवडाची साल अपुरी पडू लागल्यावर दक्षिण आफ्रिकेतून वॉटल नावाच्या बाभूळवर्गीय झाडाची साल येऊ लागली.

पहिल्या महायुद्धापूर्वी कलकत्त्याहून होणाऱ्या कच्च्या कातड्यांच्या निर्यातीवर जर्मन पेढ्यांची पकड होती. युद्ध सुरू होताच ती सुटली. लष्करी बुटांसाठी सरकारने 1916 पासून किपचा व्यापार ताब्यात घेतला आणि मद्रासच्या कारखान्यांना उसंत राहिली नाही.

युद्धानंतर, 1919 मध्ये, कच्च्या कातड्यांवर 15 टक्के निर्यातकर बसला. साम्राज्यांतर्गत कमावल्या जाणाऱ्या मालाला मात्र त्यातले 10 टक्के परत मिळत. इथेच या धोरणातली मेख आहे: कर देशी कारखान्यांच्या नावाने बसवला, पण त्यांच्या ब्रिटिश स्पर्धकाला कच्चा माल जवळजवळ पूर्वीइतकाच सुलभ राहिला. लगोलग युद्धोत्तर जागतिक मंदी आली, निर्यात घसरली. 1923 मध्ये सवलत रद्द होऊन कर सरसकट 5 टक्क्यांवर आला. मोठ्या जनावरांच्या कातड्यांवरचा कर 1934 मध्ये, तर शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यांवरचा 1935 मध्ये उठला.

मद्रासचा माल लंडनमध्ये लिलावाने विकला जाई. त्याला रंग, मऊपणा आणि झिलई तिथले कारागीर देत, आणि किमतीतली मोठी वाढ तिथेच होई. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांनी आपसात केलेल्या 1932 च्या ओटावा व्यापारी कराराने ब्रिटिश बाजारात हिंदी चामड्याला जकातीत झुकते माप मिळाले. त्यामुळे 1929 नंतरच्या महामंदीतही हा व्यापार तगला, पण एकाच गिऱ्हाइकावरचे अवलंबित्व वाढले. दरम्यान क्रोमने (झाडाच्या सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेल्या चामड्याने उंची बुटांचा वरचा भाग काबीज केला होता आणि किपकडे अस्तराचे काम अधिकाधिक येऊ लागले होते.

त्याच दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या बाटा कंपनीने कलकत्त्याजवळ, आधी कोन्ननगरला आणि मग बाटानगरला, बूट बनवायला सुरुवात केली.